‘मान सरळ ठेव’ म्हणण्याआधी

काही मुलं टीव्ही बघताना, फळा वाचताना, अगदी फोटोतसुद्धा मान एका बाजूला वळवूनच बघतात. घरी आई ओरडते, शाळेत टीचर. मूल दोन मिनिटं मान सरळ ठेवतं, की पुन्हा तेच.

अशा मुलाचे डोळे एकदा जवळून बघा. बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलताहेत का? हलत असतील तर तो निस्टॅग्मस, म्हणजे नेत्रकंप असू शकतो. डावा-उजवा डोळा फडफडला म्हणून आपण शकुन-अपशकुन बघतो ना, ते पापणीचं फडफडणं. हे वेगळं.

मान का वळते?

नेत्रकंप असलेल्या अनेक मुलांना एक अशी दिशा सापडलेली असते, जिकडे बघताना डोळे सर्वांत शांत राहतात. समजा, ती दिशा डावी आहे. मग मूल चेहरा उजवीकडे वळवतं आणि डोळे डावीकडे नेऊन समोरचं वाचतं. त्याची मान जबरदस्तीने सरळ केली, तर फळा पुसट होतो. म्हणजे ज्याला आपण खोड म्हणतो, ती त्याची स्पष्ट बघण्याची युक्ती असते!

ऑपरेशनने काय होतं?

प्रत्येक डोळा हलवायला 6 स्नायू असतात. ऑस्ट्रेलियातले डॉ. अँडरसन आणि न्यूयॉर्कचे डॉ. केस्टेनबॉम या दोघांनी 1953 मध्ये या स्नायूंवरच्या ऑपरेशनची कल्पना मांडली. दोन्ही डोळ्यांच्या बाजूचे स्नायू काही मिलिमीटर सरकवायचे, म्हणजे डोळ्यांची ‘शांत जागा’ समोर येते आणि मान वळवावी लागत नाही. यात डोळा बाहेर काढत नाहीत. लहान मुलांना पूर्ण भूल देतात. नंतर काही दिवस डोळे लाल राहतात.

पण कंप मुळापासून जात नाही. मान सरळ होते, काहींची नजर थोडी सुधारते, चष्मा मात्र बहुधा राहतोच. कधी पुन्हा ऑपरेशन लागतं. म्हणून ‘पूर्ण बरं होईल का?’ यापेक्षा ‘माझ्या मुलाला नेमका काय फायदा होईल?’ असं डॉक्टरांना विचारा.

कुठे आणि कधी दाखवायचं?

आपल्या शिवाजीनगरात बोरिंग हॉस्पिटल आहे, के. आर. मार्केटजवळ मिंटो हे डोळ्यांचं जुनं सरकारी हॉस्पिटल आहे. मुलांच्या डोळ्यांचे किंवा तिरळेपणाचे तज्ज्ञ विचारा.

- बाळाचे डोळे हलताना दिसले तर ‘मोठं झाल्यावर जाईल’ म्हणून थांबू नका. मागे मोतीबिंदू, पडद्याचा किंवा नसेचा आजार असू शकतो.
- मोठ्या माणसाला अचानक समोरचं हलताना दिसलं, दोन-दोन दिसलं, तोल गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कारण मेंदूत असू शकतं.

शाळेत आजच करता येईल

चेहरा उजवीकडे वळवणाऱ्या मुलाला वर्गात त्याच्या उजव्या बाजूला, पुढच्या बाकावर बसवा. फळा डावीकडे आला की मान कमी वळवावी लागते. चेहरा डावीकडे वळत असेल, तर उलट. या एका बदलाला पैसे लागत नाहीत, फक्त टीचरशी पाच मिनिटं बोलावं लागतं. आणि तोवर मुलाची मान त्याला हवी तशी राहू द्या.