फाशी जस्टिनला, यातना व्हिक्टरच्या!

डोणगावच्या अभ्यासवर्गात मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाईन' या कादंबरीवर बोलताना एका साथींनी निष्कर्ष काढला की, माणसाने निसर्गाच्या कामात ढवळाढवळ केली म्हणजे भस्मासुर जन्मतो. हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की कोणी हरकतही घेतली नाही. मी ती घेतो; कारण हा अर्थ पुराणिकबुवांच्या तोंडी शोभेल, समाजवाद्यांच्या नव्हे.

भस्मासुर निदान स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून मेला. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनच्या शोधाचे पहिले बळी कोण? त्याचा धाकटा भाऊ विल्यम आणि घरची मोलकरीण जस्टिन. विल्यमचा खून आपण घडविलेल्या, आणि डोळे उघडताच टाकून पळालेल्या, जीवाने केला हे व्हिक्टरने ओळखलेले असते. तरी लोक वेडा ठरवतील या भयाने तो न्यायालयात सत्य सांगत नाही. धर्मगुरूच्या धाकाने जस्टिन न केलेला गुन्हा कबूल करते व फासावर जाते. आणि या महाशयांना वाटते काय, तर आरोपीपेक्षा आपल्याच यातना मोठ्या!

लेखिकेने पेरलेल्या पूर्वसूचनाही याच दृष्टीने वाचाव्यात. लग्नाच्या रात्री मी येईन, अशी धमकी तो जीव देतो. तिचा रोख वधूवर आहे हे सामान्य वाचकालाही कळते. विद्वान व्हिक्टरला कळत नाही. तो पिस्तुले बाळगून स्वतःचा जीव राखीत बसतो आणि मरते एलिझाबेथ. त्याच्या हिशेबात जीव एकच, स्वतःचा. सूचना स्पष्ट असते. ती वाचणाऱ्याचा स्वार्थ तिला धूसर करतो.

ही केवळ कल्पनेची भरारी नव्हती. यंत्रे फोडणाऱ्या विणकरांना देहदंड देणारा कायदा इंग्लंडमध्ये 1812 साली झाला. त्याविरुद्ध उमरावांच्या सभागृहात बोललेल्या बायरननेच 1816 साली जिनिव्हा सरोवराकाठी भयकथा लिहिण्याची टूम काढली आणि अठरा वर्षांच्या मेरीने ही कथा आरंभिली.

आता आपल्याकडे पाहा. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातील धोक्याविषयी पत्रकार राजकुमार केसवानी 1982 पासून लिहीत होते. डिसेंबर 1984 मध्ये वायू सुटला, हजारो माणसे मेली आणि युनियन कार्बाइडने बोट दाखविले ते एका नाराज कामगाराकडे! 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. तेव्हाही त्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही, हाच ठपका पुढे आला. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत तो पोशाख घालून कोण दिवसभर पंप ओढू शकेल, हे ठपका ठेवणाऱ्यांनी एकदा करून दाखवावे. आमचे भांडण शोधाशी नाही. शोधाचा नफा ठेवून घेऊन त्याचा फास मोलकरणीच्या गळ्यात अडकविणाऱ्यांशी आहे.

पुढील अभ्यासवर्गात जस्टिनच्या खटल्याचे प्रकरण मोठ्याने वाचावे, अशी माझी सूचना आहे. वर्ग मात्र फवारणीचा हंगाम उलटल्यावर घ्यावा. त्याआधी शेतमजूर साथींना सवड होत नाही.