ऑपरेशनआधी बाईला कोणी काही सांगते का?

हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या आमच्या कनेरगाव नाक्यावर शुगर-बीपीची चर्चा चहाच्या टपरीवरही होते. पण ‘अंग बाहेर येणे’ याबद्दल बाई सख्ख्या बहिणीशीही बोलत नाही. लागोपाठची बाळंतपणे आणि जड ओझी यांमुळे गर्भाशय व मूत्राशयाचा आधार सैल पडतो. हा आजार जात-धर्म बघत नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

त्रास असह्य झाला की घरातले पुरुष ठरवतात, ‘पिशवी काढून टाका.’ माझा आक्षेप इथे आहे. मूत्राशय खाली सरकले असेल तर नुसती पिशवी काढून भागत नाही, त्याला वेगळा आधार द्यावा लागतो. ऑपरेशननंतर अडलेली लघवी बहुतेकींना मोकळी होते. पण काहींच्या बाबतीत उलट घडते. खाली आलेल्या भागामुळे मूत्रमार्ग मुडपलेला असतो आणि गळती दबून राहते. अंग जागेवर बसवले की खोकताना, शिंकताना, सजद्यात जाताना लघवी गळू लागते. बाईला वाटते, ऑपरेशन फसले. खरे तर दबलेला दोष उघडा पडलेला असतो. मूत्राशय भरलेले असताना अंग आत सरकवून खोकायला लावले, तर तो बऱ्याचदा आधीच कळतो.

गळतीमुळे कित्येक बायका नमाजच सोडतात. याची गरज नाही. वजू करून नमाज होईपर्यंतही गळणे थांबत नसेल, तर हनफी फिकहनुसार ती बाई ‘माजूर’ ठरते. प्रत्येक नमाजच्या वेळेला नवी वजू करून तिने नमाज अदा करावी. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावाबद्दल थेट प्रेषितांना (स.) विचारले होते. त्यांना कोणी बेशरम म्हटले नाही.

म्हणून भावांनो, सही करण्याआधी बाईला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. तिने विचारावे: मूत्राशयही उतरले आहे का? नंतर लघवी गळेल का? व्यायाम किंवा आधाराची रिंग चालेल का? शरीर तिचे आहे, उत्तरही तिलाच मिळाले पाहिजे.