परंपरा कोणत्या धनुष्यात असते?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण धनुष्यबाणावरून आहे. (निवडणुकीतलं चिन्ह नव्हे, घाबरू नका!)

माझी नात इंग्लंडात शिकते. वय वर्षं पंधरा. गेलं वर्षभर ती तिथे धनुर्विद्या शिकते आहे आणि तीही पारंपरिक पद्धतीची. म्हणजे धनुष्याला नेम धरायची दुर्बीण नाही, तोल सांभाळायच्या दांड्या नाहीत. नुसतं धनुष्य, दोरी, बाण आणि आपले डोळे. आता तिला स्वतःचं पहिलं धनुष्य घ्यायचं आहे. प्रश्न असा की लाँगबो घ्यावं की रिकर्व्ह?

तिथल्या एका ज्येष्ठ धनुर्धराने तिला सांगितलं, "परंपरा म्हणजे लाँगबो. रिकर्व्ह हे आधुनिक थेर." इकडे आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर उलटाच सूर. "लाँगबो इंग्रजांचं. आपलं धनुष्य वळणदार टोकांचं. रामाचं कोदंड आठव!" दोन्ही बाजूंचा आत्मविश्वास दांडगा. पण पोरीच्या दंडात जोर किती, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून मी दोघांशीही भांडणार आहे. बत्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, तेवढा हक्क आहे मला.

आधी फरक समजून घेऊ. लाँगबो नावाप्रमाणे लांब, माणसाच्या उंचीएवढं किंवा थोडं जास्तच. दोरी चढवली की त्याला एकच सलग बाक येतो आणि दोरी फक्त दोन टोकांना टेकते. रिकर्व्हची टोकं धनुर्धरापासून उलट, पुढच्या बाजूला वळलेली असतात. दोरी चढवली की ती टोकांजवळ थोडं अंतर धनुष्याला चिकटून राहते. ओढायला लागलं की टोकं उलगडतात, दोरी सुटी होत जाते आणि तरफ लांबते. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन इंचांत हाताला एकदम जड लागत नाही, आणि तेवढ्याच ताकदीत जास्त ऊर्जा साठते. बाण सहसा वेगाने जातो. यात थेर कसलं आलं? ही साधी तरफ आहे, सातवीच्या विज्ञानातली.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. लाँगबोचा इतिहास थोर आहे, ते कोण नाकारतं? क्रेसीची लढाई १३४६ची, अ‍ॅजिन्कोर्टची १४१५ची. दोन्हीकडे इंग्रज धनुर्धरांनी फ्रेंच सरदारांना धूळ चारली. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यात शंभराहून जास्त लाँगबो मिळाले. यू नावाच्या झाडाचं लाकूड. बाहेरचा पांढरा थर ताण सोसतो, आतला गाभा दाब सोसतो. एकाच काठीत निसर्गाने दोन गुण दिलेले. सुंदरच!

पण म्हणून रिकर्व्ह कालचं पोर ठरतं का? क्रेसीच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी मंगोलांनी निम्मी दुनिया पालथी घातली, ती शिंग, लाकूड आणि जनावरांचे स्नायू सरसाने जोडून केलेल्या उलट्या टोकांच्या धनुष्यांवर. शक घोडेस्वार तर त्यांच्याही कितीतरी शतकं आधीचे. दुसरीकडे, आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ यूचंच अर्धवट घडवलेलं लांब धनुष्य होतं. म्हणजे दोन्ही घराणी जुनीच. आणि आज 'पारंपरिक' म्हणून दुकानात मिळणाऱ्या कितीतरी लाँगबोंमध्ये लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरग्लास असतं, दोरी कृत्रिम धाग्याची असते. ते चालतं, मग टोकाचं वळण तेवढं बाटवतं? हे म्हणजे बॉलपेनने लिहिणाऱ्याने फाउंटन पेनवाल्याला बोरूचं महत्त्व सांगण्यासारखं झालं.

आता आमच्या घरच्या मंडळींकडे येते. ('आपलं' म्हटलं की आपल्याला वाचावं लागत नाही, हा आपला जुना रोग!) कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांची यादी आहे. ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. शिंगाचं ते शार्ङ्ग. विष्णूचं धनुष्य तेच, म्हणून तो शार्ङ्गपाणी. इथवर तुमचं म्हणणं ठीक. पण त्याच यादीत कोदंड हे नाव कोणाला दिलं आहे ठाऊक आहे? बांबूच्या धनुष्याला! आणि अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने आपल्याकडच्या पायदळाचं जे वर्णन केलं, ते एरियनने नोंदवून ठेवलं आहे. त्यात धनुष्य माणसाएवढं लांब. त्याचं एक टोक जमिनीवर टेकायचं, डाव्या पायाने रेटा द्यायचा आणि मग दोरी ओढायची. हे लांब धनुष्य नाही तर काय? क्रेसीच्या सोळाशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

याला कारणही आहे. शिंग आणि सरसाचं धनुष्य ओलाव्याला भितं. आपल्या आषाढ-श्रावणात त्याची जपणूक करणं सोपं नाही. बांबूला एवढं भय नाही. भिल्लांचं धनुष्य बांबूचं, त्याची दोरीही बांबूच्या पट्टीची. लिंबाराम राजस्थानच्या आदिवासी भागातले. लहानपणी बांबूच्या धनुष्यावर हात बसला आणि पुढे रिकर्व्ह हाती घेऊन १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तीस मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून त्यांनी जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. बांबू सोडून रिकर्व्ह धरलं म्हणून त्यांची परंपरा बुडाली, असं म्हणायची कोणाची छाती आहे?

तर मंडळी, आकारावरून परंपरा ठरत नाही. मग निवड कशावरून करायची? माझ्या मते वजनावरून. धनुष्याचं वजन नव्हे, ओढीचं वजन. धनुष्यावर पौंडांत लिहिलेलं असतं, सहसा २८ इंच ओढीला. ओढ एक इंच कमी तर साधारण दोन पौंड कमी. मेरी रोझवरच्या धनुष्यांचा ताण शंभर पौंडांच्या वर होता असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण ती माणसं लहानपणापासून तेच करत आलेली होती. काहींच्या खांद्याच्या हाडांवरसुद्धा त्याच्या खुणा दिसतात. दिवसभर बाकावर बसणाऱ्या पोरीने त्यांच्याशी बरोबरी कशाला करायची?

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर मुलं बांबूच्या धनुष्याने सराव करत, तेव्हा मी गुण मांडायला बसायची. एक मुलगा फार चांगला होता. एका शिबिरात त्याच्या हाती मोठ्या माणसाचं कडक धनुष्य दिलं, "मर्दासारखं ओढ" म्हणून. दोरी हनुवटीपर्यंत पोचेना, खांदा कानाला लागायचा, हात थरथरायचा आणि थरथर थांबायच्या आत बाण सुटायचा. दोन महिन्यांत खांदा दुखावला. त्याने धनुष्य ठेवून दिलं ते कायमचं. ज्यांनी दिलं त्यांना आज तो आठवतही नसेल. मला आठवतो.

म्हणून माझं मत सांगते. पहिलं धनुष्य रिकर्व्ह घ्यावं, लाकडी मुठीचं, हातपाय सुटे होणारं, वीस ते चोवीस पौंडांचं आणि जरा लांब, ६६-६८ इंचांचं. लांब असलं की बोटांत दोरी चिमटत नाही. पुढच्या वर्षी ताकद वाढली की फक्त हातपाय बदलायचे, मूठ तीच. अखंड लाँगबोत ताण वाढवायचा तर अख्खं धनुष्य नवं घ्यावं लागतं. दोरी चढवताना धनुष्यात पाय घालून वाकवू नये, त्यासाठी वेगळी दोरी मिळते, ती वापरावी. नाहीतर टोकं पिळवटतात.

लाँगबो वाईट का? मुळीच नाही. हातात हलकं, बिघडायला काही नाही. साध्या इंग्रजी लाँगबोत बाण थेट मुठीवरून जातो आणि सुटल्यावर हाताला झटका बसतो, तो आपली चूक लपवू देत नाही. दोन वर्षांनी घे, आवडीने घे. आत्ताच त्यावर जीव जडला असेल तर आत्ताही घे, पण पौंड तेवढेच ठेव. आणि कोणी हसलं तर त्याला त्याच्या दोरीचा धागा कशाचा आहे ते विचार!

ज्यांना हे पटलं नसेल त्यांनी खुशाल वाद घालावा, मला आवडतं. फक्त वाद घालायच्या आधी आपल्या घरातलं मूल किती पौंड सहज ओढतं ते मोजून या. असो. गुडघ्याला तेल लावायची वेळ झाली.