सायकलस्वाराची वाट

सायकलींचे शहर अशी पुण्याची एकेकाळी ख्याती होती. गिरणीचा कामगार, कचेरीतील कारकून आणि महाविद्यालयातील प्राध्यापक एकाच वाहनावर बसलेले दिसत. ते दिवस सरले. सायकल मात्र सरली नाही. हौसेने चालविणारा आणि दुसरे वाहन परवडत नाही म्हणून चालविणारा, असे दोघेही आज रस्त्यावर आहेत. सुखरूप पोहोचावे कोणत्या वाटेने, हा प्रश्न दोघांपुढे सारखाच आहे.

या प्रश्नाचे उत्तर आता मोबाइलवरील नकाशे देऊ लागले आहेत. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली लघुतम मार्ग शोधण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिचीच संस्कारित रूपे या साधनांच्या मुळाशी आहेत. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला अंतर, चढ, रहदारी यांनुसार भार द्यायचा आणि ज्या वाटेची बेरीज सर्वांत कमी ती निवडायची. ब्रिटनमधील 'सायकलस्ट्रीट्स' हे साधन तर सर्वांत जलद, सर्वांत निवांत आणि या दोहोंमधील असे तीन मार्ग स्वारापुढे ठेवते. वेळ वाचवावा की जीव जपावा, हे मग ज्याचे त्याने ठरवावे.

परंतु गणित कितीही निर्दोष असले, तरी उदाहरणच अर्धवट उतरवून घेतले असेल तर उत्तर बरोबर यायचे कसे? गूगलने २०१७ साली भारतात दुचाकींसाठी वेगळा मार्ग दाखविण्यास आरंभ केला. पण ती दुचाकी इंजिनाची. उड्डाणपुलाचा चढ इंजिनाला जाणवत नाही, पायांना जाणवतो. जंगली महाराज रस्ता व फर्ग्युसन रस्ता एकदिशा आहेत. मोटारीला वळसा म्हणजे दोन मिनिटे, सायकलस्वाराला तो घाम असतो. खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकर पोराला ठाऊक असते. नकाशाला ते कोणी तरी सांगावे लागते. आणि नकाशावर जेथे सायकलमार्गाची रेघ आहे, तेथे प्रत्यक्षात उभ्या मोटारी आणि विजेच्या पेट्या असतील, तर ती रेघ म्हणजे निव्वळ थाप होय.

ही उणीव यंत्राची नव्हे, नगरव्यवस्थेची आहे. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने २०१९ साली शहरातील सायकलमार्ग, खुणा, सायकलतळ अशा सुमारे २,४०,००० गोष्टींची छायाचित्रांसह नोंदवही सर्वांसाठी खुली केली. पुणे महापालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. मग आपल्या प्रत्येक सायकलमार्गाची लांबी, रुंदी, अवस्था आणि त्यावरील अडथळे यांची नोंद पालिकेने लोकांपुढे का ठेवू नये? प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात अभियंते आहेत. या कामाला नवा पूल बांधण्याइतका पैसा लागत नाही. प्रामाणिकपणा तेवढा लागतो.

यावर कोणी म्हणेल की, ज्याच्या खिशात महागडा फोन नाही त्या मजुराला या नोंदवहीचा काय उपयोग? आमच्या मते खरा उपयोग त्यालाच आहे. कारण कागदावर 'मार्ग आहे' असे लिहून सही केली, की तो जागेवर सापडला पाहिजे, आणि न सापडल्यास जाब विचारण्याचा हक्क नागरिकाला मिळतो. नागरिकांनीही हातावर हात ठेवून बसू नये. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा स्वयंसेवकांनीच घडविला आहे. आपल्या पेठेतील खड्डेमय बोळ आणि मोकळी गल्ली त्यावर नोंदविणे कोणाही विद्यार्थ्याला जमण्याजोगे आहे.

धोका टाळून वाट काढण्यास मदत करणारे साधन स्वागतार्हच होय. तथापि धोका टाळता येतो म्हणून तो रस्त्यावर तसाच राहू द्यावा, अशी सवलत त्यामुळे पालिकेला मिळता कामा नये. नकाशाने वाट दाखवावी. ती बांधण्याचे आणि मोकळी ठेवण्याचे कर्तव्य पालिकेचेच आहे.