हरणाला विहिरीची सवय होते का?



खाणीची जनसुनावणी असो की विजेच्या लाईनीची, साहेब एक वाक्य हमखास बोलतात: "जनावरं थोडे दिवस बाजूला सरतील, मग सवय होईल, परत येतील." आपण नाही म्हटलं की पुरावा मागतात. तर एक पुरावा ऐका, लांबचा आहे.

अमेरिकेत वायोमिंग राज्यात पाइनडेल गावाजवळ मोठा सरकारी माळ आहे. डोंगरावर बर्फ पडलं की म्यूल डिअर जातीची, लांब कानांची हरणं तिथं उतरतात. सेजब्रशची झुडपं खायची आणि अंगातल्या चरबीवर हिवाळा काढायचा. २००० नंतर त्याच माळावर गॅसच्या विहिरी आल्या, रस्ते आले, ट्रक आले. हॉल सॉयर आणि त्याच्या साथीदारांनी हरणांच्या गळ्यात पट्टे बांधून १७ वर्षं नोंदी ठेवल्या, विहिरींच्या आधीपासून. २०१७ साली निकाल छापला. विहिरी सुरू झाल्यावर १५ वर्षं हरणं पहिल्यापेक्षा सरासरी ९१३ मीटर लांबच राहिली. सवय झालीच नाही. संख्या ३६ टक्क्यांनी घटली. तिथल्याच विद्यापीठात एका विद्यार्थिनीनं प्रबंधासाठी झुडपांच्या फांद्या मोजल्या: खोदकामाजवळ चारा उभा होता, पण हरणं तो पुरता खात नव्हती.

कंपन्यांनी काही केलं नाही असंही नाही. एकाच जागेवरून तिरप्या विहिरी खोदल्या, ट्रक कमी व्हावेत म्हणून पाईप टाकले. शिकारही ४५ टक्क्यांनी कमी झाली. तरी हरणं घटली. आणि आपल्याकडे चितळ कमी दिसलं की पहिलं बोट कुणाकडे? आपल्या कुऱ्हाडीकडे, गुराख्याकडे!

चितळ म्हणजे म्यूल डिअर नव्हे, असं साहेब म्हणतीलच. बरोबर आहे. मग तुमची चितळाची १७ वर्षांची वही दाखवा म्हणावं.

पण आपली वही कुठाय? चितळ कोणत्या महिन्यात कोणत्या नाल्यावर येतं, सांबर कुठं लोळतं, पाडसं कुठं दिसतात, हे गुराख्यांना ठाऊक आहे, मोहा वेचणाऱ्या बायांना ठाऊक आहे. लिहिलेलं मात्र नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. शिकलेल्या पोरांनी म्हाताऱ्यांजवळ बसून, तारीख आणि जागेचं नाव टाकून हे उतरवावं, ग्रामसभेत वाचून सह्या-अंगठे घ्यावेत. सर्व्हेवाले यायच्या आधी.