नोकरी सहा महिन्यांची, अपंगत्व कायमचं : हातात काय पडतं?

तालुक्यातली पोरं एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागतात. चार-सहा महिन्यांत मशीनमध्ये हात जातो, की गावाकडे परत. मग पारावर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘दहा वर्षं भरली नाहीत, आता पेन्शन विसर.’ हे उत्तर अर्धंच खरं आहे, पण त्यापायी अर्जच केला जात नाही.

दहा वर्षांची अट पीएफच्या पेन्शन योजनेत म्हातारपणाच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर 1995च्या याच योजनेत एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पेन्शन लागू होते. किमान रक्कम महिन्याला 1,000 रुपये. अडचण ‘पूर्ण’ या शब्दात आहे. दोन बोटं गेली तर इथे काही मिळणं कठीण.

अशा कामगाराला खरा आधार ईएसआयचा. तिथे साध्या आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी लागते, म्हणून लोकांना वाटतं की अपघातालाही तेवढेच दिवस हवेत. तसं नाही. कामावरच्या अपघाताला दिवसांची अट नाही, पहिल्या दिवशी झाला तरी चालतो. कमावण्याची ताकद किती गेली त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. पगाराची मर्यादा 21,000 रुपये. ठेकेदाराचा माणूसही यात येतो. घोळ होतो तो नोंदीत. अपघातानंतर मालक खासगी दवाखान्याचं बिल भरतो, हातावर काही रक्कम ठेवतो आणि अपघात वहीत चढतच नाही. सहा महिन्यांनी पुरावा शोधायचा कुठे? हजेरी कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, दवाखान्याचा पहिला कागद, हे तेव्हाच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेलं बरं.

शेतात अपघात झाला तर वाट वेगळी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास 2 लाख, एक गेल्यास 1 लाख. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याबरोबर घरातल्या आणखी एकालाही लाभ आहे. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा, मुदत 30 दिवसांची. दवाखान्याच्या धावपळीतच ती निघून जाते.

ज्याने कधी नोकरीच केली नाही, त्याला संजय गांधी निराधार योजना. कामाचा एक दिवसही दाखवावा लागत नाही. किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र, राज्यात 15 वर्षं वास्तव्य, वय 65च्या आत. ऑक्टोबर 2025पासून दिव्यांगांना महिन्याला 2,500 रुपये.

इथे गाडी अडते ती उत्पन्नावर. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे. रोहयोचा 2025-26चा दर 312 रुपये धरला, तर घरातल्या दोघांचे मिळून 161 दिवस भरले की मर्यादा ओलांडली. मजुरी दरवर्षी वाढते, ही मर्यादा मात्र तिच्यासोबत वाढत नाही. त्यामुळे दाखल्यावर खरं उत्पन्न लिहिणारा बाहेर पडतो. सरकारने रक्कम वाढवली हे चांगलंच, पण मर्यादा तशीच ठेवून ती वाढ किती घरांपर्यंत जाणार, हा प्रश्न ग्रामसभेतून आमदारांपर्यंत जायला हवा.

अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूत देता येतो. पोच पावती मागून घ्या, तोंडी ‘बसत नाही’ म्हटलं तर नकार लेखी मागा.