मुंबई–दिल्ली, भोपाळमार्गे

१९३७ च्या नोव्हेंबरात टाटांच्या विमानसेवेने मुंबई ते दिल्ली असा नवा मार्ग सुरू केला. हे विमान इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असे थांबे घेत दिल्लीस पोहोचे. नकाशावर बोट ठेवून पाहिले, तर हा बृहन्महाराष्ट्राचाच रस्ता आहे असे वाटते. एका टोकास मुंबई, मध्ये होळकरांचे इंदूर, पुढे शिंद्यांचे ग्वाल्हेर. भोपाळ तेवढे नवाबी. बाजीराव १७३७ साली येथे निजामाला कोंडीत धरून गेले खरे, पण राहिले नाहीत. आपली माणसे भोपाळात मोठ्या संख्येने आली ती १ नोव्हेंबर १९५६ नंतर, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी येथे झाली आणि नागपूरच्या कचेऱ्या फायलींसकट व संसारांसकट इकडे हलल्या तेव्हा.

हा जुना हवाई मार्ग आजही कोणी तरी रात्रीच्या जेवणानंतर, घरातल्या टेबलाशी बसून उडत असेल, असे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तसे करतात. भेलमधून निवृत्त झालेले अभियंते, वय सत्तरीच्या पुढे, राहणे पिपलानीस. त्यांचे विमान संगणकात आहे. अशा आज्ञावलीस ‘फ्लाइट सिम्युलेटर’ म्हणतात, आणि घरोघरी मुले हाच शब्द वापरीत असल्याने आम्हीही तोच वापरू.

याचा मूळपुरुष मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन व स्वयंचलित पियानो बनविण्याचा कारखाना होता. वाद्यातले भाते आणि हवेचे पंप घेऊन या चिरंजीवांनी १९२९ साली जमिनीवरच कलंडणारे, डोलणारे एक लाकडी विमान तयार केले. प्रथम ते जत्रेतल्या करमणुकीपुरतेच खपले. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल नेण्याचे काम आले, ढगाळ हवेत वैमानिक मेले, आणि मग लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. ज्या भात्याने सूर निघतो त्यानेच विमान शिकविले, हे पेटीवर वाढलेल्या आपल्या घरांना रुचावे.

घरच्या संगणकावरचे मायक्रोसॉफ्टचे पहिले सिम्युलेटर १९८२ साली आले. आमच्या या स्नेह्यांचे मात्र २००६ चे, ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ या नावाचे. दोन डीव्हीडी, एक काठी, आणि डग्लस डीसी-३, म्हणजे आपले डाकोटा. बारा वर्षे त्यांनी ते चालविले. कंपनीने हे सिम्युलेटर घडविणारी शाखा जानेवारी २००९ मध्येच बंद केली होती. पुढे २०१४ च्या अखेरीस दुसऱ्या एका कंपनीने तेच पुन्हा विक्रीस काढले, पण मूळ घडण जुनीच राहिली. त्या घडणीला चार गिगाबाइटांपलीकडे स्मृती वापरता येत नाही. हौसेने एकेक देखावा, एकेक विमान बसवीत गेले की ऐन उतरण्याच्या वेळी पडदा गोठतो. मुंबईहून निघून भोपाळच्या दारात हे घडले म्हणजे माणूस किती हळहळत असेल! अखेर त्यांचा जुना संगणकही थकला, आणि प्रश्न उभा राहिला की आता कोणाच्या घरी जावे.

पर्याय तीन होते. ‘फ्लाइटगिअर’ हे १९९७ पासून स्वयंसेवकांनी चालविलेले व सर्वस्वी विनामूल्य. ‘एक्स-प्लेन’ हे ऑस्टिन मेयर यांचे. ते पंखांचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकावर हवेचा जोर किती, याचे गणित क्षणाक्षणाला मांडते. जुन्या सिम्युलेटरात विमानाचा स्वभाव आधीच कोष्टकांत लिहून ठेवलेला असे. अभियंत्याच्या मनाला हे गणित भावणारच. तिसरे मायक्रोसॉफ्टचेच, पण फ्रान्समधील असोबो स्टुडिओने घडविलेले, ऑगस्ट २०२० मध्ये आलेले. निवड झाली ती या तिसऱ्याची, आणि कारण तांत्रिक नव्हते. नातवाच्या संगणकावर त्यांनी आग्नेयेकडून भोपाळच्या धावपट्टी ३० वर उतरून पाहिले, तेव्हा डाव्या हातास मोठा तलाव होता. जुन्यात रानाचा तोच तो तुकडा फरशीसारखा पुनःपुन्हा अंथरलेला असे. येथे उपग्रहाने टिपलेले खरे पाणी आणि खरा काठ दिसला. २०११ चे नवे टर्मिनल २००६ च्या सिम्युलेटरात असण्याचा प्रश्नच नव्हता.

या खरेपणावरही फार भिस्त ठेवू नये, असे आमचे मत आहे. वरून टिपलेल्या चित्रावरून व नकाशातल्या नोंदींवरून यंत्र अंदाजाने घरे उभी करते. मेलबर्नच्या एका उपनगरात २०२० साली भाल्यासारखा एकाकी मनोरा दिसू लागला. खुल्या नकाशात कोणी दोन मजल्यांऐवजी २१२ मजले लिहिले होते, इतकेच. लंडनचा बकिंगहॅम राजवाडाही आरंभी कचेरीच्या इमारतीसारखा उभा राहिला होता. जेथे माणसाने हाताने वास्तू घडविली नाही तेथे यंत्र आपल्या समजुतीने राजवाडा नि बँक एकाच मापाने बांधते. आपल्याकडे सरकारी वसाहती बांधणाऱ्यांनीही याहून निराळे काय केले, असे कोणी म्हणेल, पण तो विषय वेगळा.

आता स्थलांतरात काय हरवले ते पाहू. जुन्यासाठी पैसे देऊन घेतलेली विमाने नव्यात येत नाहीत. ती पुन्हा घ्यावी लागतात किंवा सोडून द्यावी लागतात. डाकोटा नव्यात २०२२ च्या नोव्हेंबरात, चाळिसाव्या वर्धापनाच्या आवृत्तीत आले. सर्वांत अवघड गेले ते हाताच्या सवयी मोडणे. चाके खाली घेण्याची कळ एकीकडे, फ्लॅपची दुसरीकडे, आणि बोटे मात्र बारा वर्षांच्या वळणाने चालणारी. आमच्या स्नेह्यांनी येथे एक शहाणपणाची गोष्ट केली. जुने यंत्र बंद होण्यापूर्वी सगळ्या कळांची यादी त्यांनी वहीत मराठीत लिहून काढली व नवे यंत्र त्या यादीबरहुकूम बसवून घेतले. नातू म्हणाला, “आजोबा, नवीन शिका की, जुनं कशाला?” यावर त्यांचे उत्तर असे की, भोपाळची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० फूट उंच आहे, ती दोन्ही यंत्रांत तेवढीच उंच आहे, जुहूच्या सवयीने काटा शून्यावर येण्याची वाट पाहणारा कोणत्याही यंत्रात जमिनीवर आदळेल. मग कळा तरी का बदलाव्यात?

या बदलातला खरा पेच आम्हांस वेगळाच दिसतो. दोन डीव्हीडी कपाटात होत्या, त्या घरच्या होत्या. नव्या सिम्युलेटरला डिस्कवर दीडशे गिगाबाइट जागा मागूनही पृथ्वीचे तपशीलवार चित्र इंटरनेटवरूनच आणावे लागते. २०२४ च्या आवृत्तीत तर डिस्कवरचा भार कमी करून बराचसा ऐवज दूरच्या यंत्रांत ठेवला आहे. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी ती आली त्या दिवशी गर्दीने ती यंत्रे कोलमडली, आणि पैसे भरलेले असंख्य लोक प्रतीक्षेच्या पडद्यापुढे बसून राहिले. घर आपले, विमान आपले, पण किल्ली परदेशी. २००९ साली एकदा दुकान बंद झाल्याचा अनुभव जमेस धरता, जुने पुसून टाकून सर्वस्व नव्यावर सोपविणे आम्हांस मान्य नाही. डीव्हीडी कपाटातच असू द्याव्यात. ‘फ्लाइटगिअर’ही संगणकात असावे. त्याला खर्च नाही, आणि एकदा उतरवून घेतल्यावर त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी वैमानिक होण्याचे म्हणत आहे, त्या पालकांची पत्रे आमच्याकडे येत असतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, आणि घरच्या यंत्रावरचा एकही तास त्यात धरला जात नाही. डीजीसीएने मान्य केलेली यंत्रे निराळी. मात्र नकाशा वाचणे, वाऱ्याचा हिशेब, नियंत्रण कक्षाशी बोलण्याचे वळण, उतरण्यापूर्वीची तपासणी न चुकता करणे, हे घरी शिकता येते, व ते साध्या संगणकावर चालणाऱ्या जुन्या सिम्युलेटरवरही शिकता येते. त्यासाठी लाखाचा संगणक घेऊ नये. मोठा खर्च करण्यापूर्वी डीजीसीएच्या नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी, प्रथम दुसऱ्या वर्गाची व मग पहिल्या वर्गाची, करून घ्यावी. डोळ्यांतला किंवा कानातला दोष आधीच कळला तर घराची पुंजी वाचते. देखाव्याच्या मोहात आरंभीच पाच-सहा विमाने विकत घेणारी मुले बहुधा एकही नीट उतरवू शकत नाहीत, असे आमचे निरीक्षण आहे.

ज्यांना काही करून पाहण्याची हौस आहे त्यांच्यासाठी ‘एक्स-प्लेन’मध्ये चांगली सोय आहे. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या गावचा विमानतळ घडवून तेथे पाठवितात आणि तो सर्वांना मिळतो. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूरच्या मुलांनी सुटीत हात घालावा असे हे काम आहे. त्यासाठी टर्मिनलची मापे घ्यावी लागतात, छायाचित्रे काढावी लागतात, आणि आपले गाव वरून कसे दिसते याचा प्रथमच विचार करावा लागतो.

आमच्या स्नेह्यांचा १९३७ चा मार्ग नव्या यंत्रावर दिल्लीपर्यंत पुरा झाला आहे. त्यांनी आता नागपूरची रात्रटपाल काढली आहे. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून डाकोटा निघत, मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. वहीतल्या यादीत त्यांनी एक ओळ वाढविली आहे: रात्रीचे दिवे, डावीकडची तिसरी कळ.